दीपप्रज्वलनाआधीचा रॉक

रॉक म्हणजे काय, हे मला विचारू नका. मी साउंडवाला आहे. माझ्या लेखी जगात संगीताचे दोनच प्रकार: एक ज्याला माझी मशीन पुरते आणि दुसरा ज्याला पुरत नाही. पण या अंकाच्या संपादकांना कोणीतरी सांगितलं, की जळगावच्या पिंप्राळ्यात एक साउंडवाले दिनूभाऊ आहेत, त्यांनी म्हणे जुने इंग्रजी बँड समोर बसून ऐकलेत. मग काय, रोज फोन. शेवटी हो म्हटलं.

समोर बसून, हे मात्र खोटं. साउंडवाला कधी बसत नाही. लोक गाणं ऐकतात तेव्हा आम्ही चुका ऐकत असतो. आम्ही तिथे आहोत हे कोणाला कळलं नाही, तर काम चांगलं झालं असं समजायचं. कार्यक्रम रंगला तर गायकाला हार, आणि माईक एकदा खरखरला तर दोनशे माणसं मान वळवून आमच्याकडे बघणार. पस्तीस वर्षं असं बघून घेतलंय. आता दुकान पुतण्याकडे दिलंय, आणि तो मला काहीही विचारत नाही.

मूळचा मी धुळ्याकडचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलो, जळगावला आलो, लग्नाचे कर्णे लावता लावता ऑर्केस्ट्राचं काम मिळायला लागलं. ऑर्केस्ट्राचा नियम सोपा: गायकाचा आवाज सगळ्यांच्या वर आणि काचेसारखा स्वच्छ. फाटका आवाज गेला की साउंडवाल्याचं नाव गेलं. आमच्याकडे एखाद्याची लायकी काढायची तर त्याच्या कामाबद्दल काही बोलत नाहीत, नुसतं म्हणतात, "त्याचे कॉलम फाटलेत." कॉलम म्हणजे उभे स्पीकर. लग्नसराईत एवढं पुरतं.

एवढं शिकून मी भुसावळला रेल्वेवाल्यांच्या एका हॉलमध्ये नाताळच्या कार्यक्रमाला गेलो. बँडचं नाव ‘आउटर’. गाडीला स्टेशनात जागा मिळेना की ती बाहेरच्या सिग्नलला उभी राहते, त्यावरून ठेवलेलं. एक उंच, सावळे गृहस्थ लाल गिटार घेऊन उभे होते. त्यांनी पहिली तार छेडली. आवाज चक्क फाटलेला होता. मला वाटलं, स्पीकरचा पडदा गेला. पहिलं गाणं संपताच मी धावत स्टेजवर गेलो, त्यांचा स्पीकर बाजूला केला आणि माझा नवाकोरा लावला. दुसरं गाणं सुरू झालं. हाही फाटला. मग मी जे केलं ते कोणत्याही इमानी साउंडवाल्याने केलं असतं. गिटारचा आवाज हळूहळू खाली घेत इतका खाली नेला, की शेवटी ते गृहस्थ नुसतेच हातवारे करताहेत असं दिसायला लागलं.

मध्यंतरात ते माझ्याकडे आले. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि लोको शेडमधल्या मराठीत म्हणाले, "भाऊ, स्पीकर चांगला आहे. हा आवाज मी मुद्दाम फाडतो. शिकायला सात वर्षं लागली. तू एका मिनिटात शिवून टाकला."

हे विल्फ्रेडभाई. लोको शेडमध्ये फिटर. त्यांचे वडील इंजिन ड्रायव्हर, आजोबाही रेल्वेतच. भावंडं एकेक करून परदेशी गेली, हे राहिले. का राहिलात विचारलं तर म्हणायचे, तिकडे उन्हाळा बरोबर पडत नाही. लग्न केलं नाही. गिटार मात्र लहान मुलाला न्हाऊमाखू घालावं तशी सांभाळायचे.

बँडमध्ये ते तिघे. ड्रमवर मधुकरनाना. माझ्याच गावाकडचे, रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन. नाना वस्तीतल्या भीमजयंतीच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवत मोठे झाले, आणि भुसावळला बदली झाल्यावर विल्फ्रेडभाईंनी त्यांना ड्रमवर बसवलं. नाना म्हणायचे, दोन्हींत फरक एवढाच, की ड्रमला पाय पण लागतात. तिसरे पारसशेठ, जळगावचे कापडाचे व्यापारी. ते गायचे आणि जाड तारांची बेस गिटार वाजवायचे. घरच्यांना कित्येक वर्षं वाटत होतं, की शेठ गुरुवारी व्यापारी मंडळाच्या मीटिंगला जातात. मी एकदा त्यांना एका गाण्याचा अर्थ विचारला. शेठ म्हणाले, की त्यांनी ते गाणं कॅसेट ऐकून पाठ केलंय, अर्थाचं त्यांनी कधी बघितलं नाही.

सराव शेठच्या गोदामात व्हायचा, आणि मीही मशीन घेऊन तिथे जायला लागलो. चारी बाजूंनी कापडाच्या गाठी छताला लागलेल्या. कापड आवाज पितं, त्यामुळे तिथे घुमत काहीच नसे. जे वाजेल तेच ऐकू यायचं. एवढं स्वच्छ ऐकणं मला नंतर कुठल्याही हॉलात मिळालं नाही. थंडीत असोद्याच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी असायची. शेठ वांगं खात नसत, ते दह्याशी भाकरी खायचे आणि आमच्याकडे बघून सुस्कारे टाकायचे. त्या गोदामात मला फाटक्या आवाजाची गोडी लागली. कशी लागली ते सांगता येत नाही. ठेच्यासारखं आहे. पहिल्यांदा डोळ्यात पाणी येतं आणि मग त्याशिवाय जेवण गोड लागत नाही.

एकदा परदेशी बँडही बघितला. मुंबईला मोठ्या मैदानात कार्यक्रम होता, पुण्याच्या साउंड कंपनीला माणसं कमी पडली म्हणून आम्हाला बोलावलं. जगभर नाव असलेली म्हातारी मंडळी. माझं काम काय, तर स्टेजच्या मागे एका केबलच्या जोडाजवळ उभं राहायचं आणि त्यावर कोणाचा पाय पडू द्यायचा नाही. त्यामुळे मी त्या मंडळींच्या पाठी पाहिल्या. गायकाचा शर्ट पाठीला चिकटलेला आणि दोन गाण्यांच्या मध्ये तो कमरेवर हात ठेवून वाकायचा, ते समोरच्या हजारो लोकांना दिसलं नाही, मला दिसलं. घरी आल्यावर विल्फ्रेडभाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं. गिटारवाला कसा उभा होता, अ‍ॅम्प्लिफायर किती लांब होता, तारेवर बोट दाबून कसं हलवत होता. मी म्हटलं, मला नुसता कोपर दिसला. तर म्हणाले, कोपराचं सांग.

आमच्याकडच्या कार्यक्रमांची तऱ्हा वेगळी. इथे सत्काराला वेळकाळ नसतो. जळगावात एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात ‘आउटर’ला बोलावलं होतं. पारसशेठचं गायचं कडवं संपलं आणि विल्फ्रेडभाईंचा सोलो सुरू झाला. सोलो म्हणजे बाकीचे हळू होतात आणि एकटं एक वाद्य पुढे येऊन बोलतं. बऱ्याचदा सगळं गाणं त्यासाठीच रचलेलं असतं. पण ऑर्केस्ट्रा ऐकणाऱ्याला हे कुठून कळणार? गायक गप्प झाला म्हणजे मोकळा वेळ. अध्यक्षांनी खूण केली आणि चार माणसं शाल, श्रीफळ, हार घेऊन स्टेजवर आली. विल्फ्रेडभाई डोळे मिटून वाजवत होते, त्यांच्या गळ्यात हार पडला. झेंडू तारांत अडकला. मग शाल पडली, ती हातावरून घसरली. आणि निवेदकाने माईकवरून त्यांचा परिचय सुरू केला, तोही चुकीचा. विल्फ्रेडभाईंनी हात थांबवले, नारळ घेतला आणि हसून नमस्कार केला. परतताना टेम्पोत ते इतकंच म्हणाले, की त्या सोलोचं अजून अर्धं वाक्य बाकी होतं.

त्यानंतर बँड हळूहळू थांबला. भांडण वगैरे नाही. नाना निवृत्त होऊन धुळ्याला गेले, शेठच्या दुकानाचा व्याप वाढला, डीजे आला. विल्फ्रेडभाई भुसावळच्या घरी एकटेच वाजवायचे. मग काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी वाटलं वयाचा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दुसरा हातही मागोमाग.

धुळ्याच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला ‘आउटर’ला बोलावणं आलं ते नानांच्या खटपटीने. नानांनी प्राचार्यांना जाऊन सांगितलं होतं, की जुना बँड आहे, पोरांना ऐकवा. खरं कारण त्यांनी मला साउंड लावताना सांगितलं, तेही अगदी जवळ येऊन.

"दिन्या, त्यानी गोळी लिधी शे. तासभर हात आयकतीन, मंग बठ्ठं बंद. हाऊ त्याना शेवटना टाइम शे."

म्हणजे विल्फ्रेडभाईंची ही वाजवायची शेवटची वेळ होती. गोळीचं गणित असं होतं. घेतल्यावर थोड्या वेळाने हात स्थिर व्हायचे, साधारण तासभर राहायचे आणि मग पुन्हा सुटायचे. दुसरी गोळी लगेच घ्यायची नाही, डॉक्टरांनी बजावलेलं. विल्फ्रेडभाईंनी कार्यक्रमपत्रिकेवर पाचची वेळ बघून गोळी घेतली होती. साठ वर्षं रेल्वेच्या आसऱ्याने राहिलेला माणूस, छापलेल्या वेळेवर त्याचा विश्वास होता.

आमच्याकडे कार्यक्रम पाचला सुरू होत नसतो. प्रमुख पाहुणे साहेब शिरपूरकडे कुठल्या तरी उद्घाटनाला गेलेले. फोन आला की निघालेत. निघालेत याचा अर्थ खानदेशात कोणालाही विचारा. मंडप भरला होता, पोरं शिट्ट्या मारत होती, स्वागतगीताच्या मुली साड्या सावरत उभ्या होत्या, समईच्या वाती वाऱ्याने पडत होत्या आणि एक शिपाई त्या पुन्हा उभ्या करत होता. विल्फ्रेडभाई स्टेजमागे खुर्चीवर गिटार मांडीवर घेऊन बसलेले. हात स्थिर होते. ते सारखे हातांकडे बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

मी सांस्कृतिक विभागाच्या मॅडमकडे गेलो. बँडला सुरुवात करू द्या म्हटलं. त्या भल्या होत्या, पण म्हणाल्या, दीपप्रज्वलनाआधी कार्यक्रम कसा सुरू करणार? साहेब आले आणि कार्यक्रम चालू दिसला तर प्राचार्यांची काही खैर नाही. त्यांचंही बरोबर होतं. दिवा लागल्याशिवाय इथे वर्गाला रंगसुद्धा लावत नाहीत.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मंडप रिकामा असताना आवाज एक असतो आणि भरल्यावर दुसरा. माणसांचे कपडे, अंगं आवाज पितात, शेठच्या गोदामातल्या गाठींसारखेच. त्यामुळे दुपारी केलेला साउंड चेक संध्याकाळी पुरेलच असं नसतं. चांगला साउंडवाला पब्लिक बसल्यावर पुन्हा एकदा तपासून घेतो. यात काही खोटं नाही. आणि साउंड चेक हा कार्यक्रम नव्हे. त्याला दिवा लागत नाही, निवेदक लागत नाही, पत्रिकेत तो छापत नाहीत.

मी प्राचार्यांकडे गेलो. गंभीर माणूस, कपाळावर घाम. म्हटलं, सर, माणसं भरली, आवाज बदललाय. वाद्यं पुन्हा तपासावी लागतील, नाहीतर साहेबांच्या भाषणात माईक शिट्टी मारेल. ते दचकलेच. करा करा म्हणाले, पण कार्यक्रम सुरू करू नका. मी म्हटलं, छे, नुसतं चेकिंग. किती वेळ लागेल? मी म्हटलं, तीन वाद्यं आहेत सर, लागेल तेवढा.

मग मी माईकवर जाऊन सांगितलं, "साउंड चेक होतोय, कृपया शांत बसा." माझ्या उभ्या आयुष्यात साउंड चेकला पब्लिक शांत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही बसलं नाही. नानांनी चार ठोके दिले तेव्हा कुठे बसलं.

पारसशेठचा आवाज सत्तरीला टेकलेला, वरच्या सुरात घासत होता, पण तिथे ते शोभत होतं. दोन गाणी झाली. पोरं उभी राहायला लागली. तिसरं गाणं विल्फ्रेडभाईंचंच, त्यांनी तरुणपणी रचलेलं, ज्याचा सोलो जळगावच्या सत्कारात झेंडूत अडकला होता. शेठनी शेवटची ओळ म्हटली आणि मागे सरले. मी गिटारचा आवाज वर घेतला.

त्यांनी सावकाश सुरुवात केली. एकेक सूर लांबवर, घाई नाही. मग वेग धरला. बोटं अशी पळत होती की मला मांडीवरचे ते स्थिर हात आठवून भीतीच वाटायला लागली, कारण घड्याळ माझ्याही डोक्यात चालू होतं. तेवढ्यात मॅडम धावत माझ्याकडे आल्या. साहेबांच्या गाड्या फाट्यावर आल्या, बंद करा, लगेच बंद करा. त्यांच्यामागे प्राचार्य उभे. मी हात फेडरवर ठेवला. ज्या दांडीने आवाज वरखाली करतात ती ही. नुसतं बोट खाली ओढायचं होतं.

प्राचार्य स्टेजकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "साहेबांना मी आधी ऑफिसात चहाला नेतो. तुमचं चेकिंग नीट होऊ द्या."

असं म्हणून ते गेटकडे गेले. त्या माणसाचे मी अजूनही उपकार मानतो. मॅडम तिथेच माझ्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

सोलो वर चढत होता, आणि मला दिसलं की उजवा हात सुटतोय. दोन सूर चुकले. पब्लिकला कळलं नाही. मला कळलं, नानांनाही. नानांनी ठोका हळू केला, आधार द्यावा तसा. विल्फ्रेडभाईंनी शेवटचा सूर एकदा जोरात छेडला, डाव्या हाताने तार दाबून धरली आणि ते पब्लिककडे पाठ करून वळले. गिटार घेऊन थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या समोर जाऊन उभे राहिले. तसं उभं राहिलं की त्यातल्या स्पीकरचा आवाज तारेला हलवतो, तार पुन्हा स्पीकरला, आणि सूर आपोआप वाजत राहतो, फुगत जातो. आम्ही याला शिट्टी म्हणतो. ती येऊ नये म्हणूनच लोक आम्हाला पैसे देतात. माझा हात सवयीने खाली जायला लागला. मी तो उचलून टेबलाच्या कडेवर ठेवला.

उजवा हात त्यांच्या बाजूला लटकत थरथरत होता आणि गिटार वाजत होती. आता बोटांची गरजच नव्हती. तो एक सूर साऱ्या मंडपात भरून राहिला, ते जागचे हलत नव्हते, आणि मी टेबलामागे उभा राहून मुलासारखा रडत होतो. मग नानांनी शेवटचा ठोका दिला. विल्फ्रेडभाईंनी तारांवर तळवा ठेवला. वाक्य पूर्ण झालं.

पोरं बाकांवर चढली. मी माईक घेतला, घसा साफ केला आणि सांगितलं, की साउंड चेक झालेला आहे, आवाज ठीक आहे.

थोड्या वेळाने साहेब आले. दिवा लागला, स्वागतगीत झालं, सत्कार झाले. विल्फ्रेडभाईंना स्टेजवर खुर्ची दिली होती. त्यांच्या अंगावर शाल घातली तशी त्यांनी दोन्ही हात तिच्याखाली घेतले. शाल मात्र हलत राहिली. साहेबांनी बराच वेळ भाषण केलं, तरुणांनी जुन्या कलावंतांचा आदर करावा असं सांगितलं आणि शेवटी मागे वळून म्हणाले, की आता आपण सारे ज्यासाठी जमलो आहोत त्याला सुरुवात करूया. विल्फ्रेड साहेब, होऊन जाऊ द्या.

मॅडमनी हातातला माईक विल्फ्रेडभाईंच्या तोंडासमोर धरला. मी तो चालू केला.

"साहेब," विल्फ्रेडभाई म्हणाले, "वाजवून झालं."

एक पोरगी उठली, मग तिची रांग, मग सगळा मंडप. टाळ्या थांबेनात. साहेबांना वाटलं, त्या भाषणाला आहेत. त्यांनी समोर येऊन डावीकडे, उजवीकडे हात जोडले. प्राचार्यही टाळ्या वाजवत होते. विल्फ्रेडभाई उठून उभे राहिले. त्यांनी शालीखालचे दोन्ही हात बाहेर काढले, आणि थरथरत होते तसेच, सगळ्यांसमोर जोडले.